चांद्याच्या डोळ्याचा कापूस

नागपूर
१८ नोव्हेंबर १९७९

ती. मामीस,
सप्रेम जय भीम.

पांढरा कोट घालून मी दिवसभर नेमकं काय करते, असं तुम्ही मागच्या पत्रात विचारलं होतं. आईला मी किती वेळा सांगितलं, तरी ती शेजारी सांगते की चंद्रकांता म्हशींना सुया टोचते. तुम्हाला नीट सांगते. मामा गुरांच्या दवाखान्यात कामाला होते आणि त्याच्या मागच्या खोलीत तुमचा संसार झाला, तेव्हा तुम्हाला समजायला जड जाणार नाही.

गुरांची बुळकांडीची साथ ओळखायची तर आजपर्यंत आम्हाला मेलेलं जनावर लागत असे. त्याची पाणथरी, म्हणजे प्लीहा, बर्फात ठेवून पाठवायची आणि वाट पाहायची. अहवाल येईपर्यंत रोग पुढच्या गावात गेलेला असे. तो बर्फाचा डबा सायकलला बांधून मामा कितीदा निघाले, हे तुम्ही पाहिलं आहे. मी वेगळं काय सांगू?

आता जिवंत जनावराच्या आसवांवरून ओळखता येईल, अशी चाचणी आम्ही बसवत आहोत. बुळकांडीचा अंश पहिल्या तापातच आसवांत उतरतो. तेव्हा लाळही गळत नसते, हगवणही लागलेली नसते. काचेवर आम्ही थिजलेल्या पेजेसारखा एक थर देतो आणि त्यात बारीक खड्डे पाडतो. एका खड्ड्यात आसवं घालतो, समोरच्या खड्ड्यात बुळकांडीतून वाचलेल्या जनावराच्या रक्तातलं पाणी. दोन्हींची गाठ पडली की मध्ये पांढरी रेघ उमटते. नुसतं ठेवलं तर रेघेला दिवस लागतात, आणि अंश थोडा असला तर ती येतच नाही. म्हणून आम्ही थरातून वीज सोडतो. मग सकाळी लावलेली काच दुपारी वाचता येते, आणि थोडका अंशही पकडला जातो.

पण रोगी जनावराला रेघ आली, एवढ्याने चाचणी खरी होत नाही. निरोग्याला ती येत नाही, हेही दाखवावं लागतं. आमच्या प्रयोगशाळेच्या सरांना त्यासाठी खेड्यातले कामाचे बैल हवे आहेत. सोबतच्या पेटीत काड्यांना कापूस लावून पाठवला आहे आणि नळ्याही आहेत. डोळ्याच्या कोपऱ्यात कापूस फिरवायचा, काडी नळीत मोडून टाकायची आणि बूच लावायचं. टोल्याच्या वस्तीतली जेवढी गुरं जमतील तेवढी करा. बर्फाची गरज नाही. ओल्या फडक्यात गुंडाळून अड्याळच्या बसवर दिलं तरी चालेल.

तुमची,
चंद्रकांता

*

खैरीटोला, पो. अड्याळ
९ डिसेंबर १९७९

चि. चंद्रकांता,
अनेक आशीर्वाद.

तुझी पेटी मिळाली. पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्या वेळी समजलं. वाचायला मला तुझ्या मामांनी शिकवलं, ते औषधाच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांवरून. त्यामुळे "पोटात घेण्यासाठी नाही" हे मला माझ्या नावाच्या आधी वाचता येत होतं. आता अड्याळच्या वाचनालयातली पुस्तकं आणते. तिथला माणूस म्हणतो, तुळसाबाई, तुम्ही कपाट संपवलं.

मेलेलं जनावर लागत नाही, हे वाचून मी पत्र बाजूला ठेवलं आणि थोडा वेळ आंगणात बसले. एकाहत्तरच्या पावसात हे अशीच पाणथरी घेऊन भंडाऱ्याला गेले. डबा पोचवला, पावती घेतली. परत येताना आपल्या नाल्याला पूर होता. लोकांनी अलीकडून हात केले, थांबा म्हणाले. गावात गुरं मरत होती, म्हणून ते थांबले नाहीत, पाण्यात उतरले. पुढे अहवाल आला तो यांच्याच नावे. "हिरालाल यांस," असं वर लिहिलं होतं, आणि खाली बुळकांडी. तेव्हा हेही नव्हते आणि गोठ्यात बैलही नव्हते. एक चांद्या तेवढा वाचला, कारण तो वासरू होता आणि माझ्या माहेरी बपेऱ्याला होता. त्याच्या आईची अडलेली कूस यांनीच सोडवली होती. म्हणून चांद्याला मी विकत नाही, आणि कुणी विचारलं तर भाव सांगत नाही.

त्या सालानंतर लस रस्त्यालगतच्या गावांत झाली. आमचा टोला नाल्यामुळे राहून गेला.

तुझ्या सगळ्या नळ्या भरल्या. चांद्या आणि त्याचा जोडीदार भुऱ्या यांच्या मी स्वतः भरल्या. कापूस जेमतेम ओला झाला. बाकीच्या गुरांचं शेजारच्या नत्थूने केलं. त्याचा कापूस मात्र अगदी चिंब आहे. त्याला जनावरांचं चांगलं जमतं. पैसे देऊ केले तर रागावला. म्हणाला, "हिरालालभाऊनं माह्या गाईचा मोडला पाय सरका केला, तवा मी काय देल्लं होतं?"

तुझी,
तुळसामामी

*

नागपूर
२ फेब्रुवारी १९८०

ती. मामीस,
सप्रेम जय भीम.

एक वाईट बातमी आहे, आणि ती खरी की खोटी तेच कळत नाही. तुम्ही पाठवलेल्या नळ्यांपैकी दोन सोडून सगळ्यांना रेघ आली. टोल्यातली गुरं कशी आहेत? कुणाला ताप, लाळ, पातळ शेण असं काही आहे का? लगेच कळवा.

गुरं बरी असतील तर माझं काम बरं नाही. सरांनी काच पाहिली आणि म्हणाले, "बाई, तुमची चाचणी फार हळवी झाली आहे. बैलाने तुमच्याकडे पाहिलं तरी रेघ देते." सगळे हसले. मीही हसले. पण होळीपर्यंत उलगडा झाला नाही, तर हे काम बंद करून मला दुसऱ्या कामावर घेणार आहेत. सर वाईट नाहीत. खोट्या रेघेवर कुणी गावाची गुरं अडवून ठेवली, तर पुढच्या वेळी खऱ्या रेघेवर कोण विश्वास ठेवील, असं ते म्हणतात. 

चंद्रकांता

*

खैरीटोला
११ फेब्रुवारी १९८०

चि. चंद्रकांता,
आशीर्वाद.

आधी हे सांगते, की टोल्यातली गुरं ठणठणीत आहेत. तुझं पत्र वाचून मी घाबरले आणि प्रत्येक गोठ्यात जाऊन आले. मग रेघ न आलेले दोन कोण असतील याचा विचार केला. तसे दोन कापूस फक्त माझे होते. तेव्हा मी नत्थूकडे गेले. तो ओसरीवर दोर वळत बसला होता.

मी विचारलं, "नत्थू, तुझा कापूस येवढा ओला कसा झाला रे?"

"आसवं आली ना."

"निरोगी बैलाले आसवं कशी आली?"

"आनली."

"कशी आनली?"

"आता सांगा बाई, तुमची डॉक्टरीन तं आसवं मागून राहिली, अन् बैल मजेत तनस खाऊन राहिले. मजेतला बैल कायले रडन? मंग मारली पिचकारी."

"कायची पिचकारी?"

"तंबाखूची. दुसरी कायची मारतेत? माहा बाप बी जनावराचे डोळे आले का हेच करे."

मी कपाळाला हात लावला. त्याला वाटलं, मला हिशेबात खोट दिसली. तो म्हणाला, "समद्याइले सारखीच मारली बाई. आपल्या-परक्याचं नाही केलं."

हा दोष नत्थूचा नाही, माझा आहे. तू डोळ्याच्या कोपऱ्यात कापूस फिरवायला सांगितलं होतंस. मी त्याला सांगताना "आसवं घ्यायची" असं सांगितलं. त्याने दिलेलं काम पुरं केलं.

आता सगळ्या गुरांचा कापूस पुन्हा पाठवते. नत्थू सोबत होता, पण तोंड धुऊन. कापूस ओला नाही, नुसता दमट आहे. तेवढ्यात भागेल ना? हे पत्र तुझ्या सरांना दाखवायचं तर दाखव. काम बंद करू नका म्हणावं. आमच्यासारख्या टोल्यांना त्याची फार गरज आहे.

तुळसामामी

*

नागपूर
६ मार्च १९८०

ती. मामीस,
सप्रेम जय भीम.

होळी झाली आणि मी अजून त्याच टेबलावर आहे. सगळे नवे कापूस कोरे आले. एकालाही रेघ नाही.

तुमचं पत्र सरांनी मागून घेतलं. "आपल्या-परक्याचं नाही केलं" इथे आल्यावर त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि हसून हसून आलेले डोळे पुसले. मग गंभीर झाले आणि म्हणाले, करून पाहा. प्रयोगशाळेतले आमचे डोमाजी तंबाखू खातात. त्यांच्याकडून चिमूटभर मागून घेतली, पाण्यात कालवली आणि खड्ड्यात घातली. रेघ आली. म्हणजे माझी चाचणी बैलांना नाही, तंबाखूला ओळखत होती.

पण मामी, यातून मोठं काम झालं. खेड्यात गुरांच्या डोळ्यांत लोक तंबाखू घालतील, मीठ घालतील, आणखी काय काय घालतील. हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. आता प्रत्येक काचेवर आम्ही एक जादा खड्डा ठेवतो. त्यात कधीच बुळकांडी न झालेल्या आणि लसही न टोचलेल्या वासराच्या रक्तातलं पाणी असतं. त्या बाजूलाही रेघ आली तर ती खोटी. फक्त एकाच बाजूला आली तर ती खरी. इथे सगळे त्याला "नत्थूचा खड्डा" म्हणतात. अहवालात तसं लिहिता येत नाही, पण तुम्ही त्याला सांगा.

काड्यांची आणखी एक पेटी पाठवते. ती घरात राहू द्या. जनावराला नुसता ताप आला आणि डोळे पाणावले तरी थांबू नका.

तुमची ऋणी,
चंद्रकांता

*

खैरीटोला
११ जून १९८२

चि. चंद्रकांता,

घाईत लिहिते. चांद्याला कालपासून ताप आहे. तणसाला तोंड लावत नाही. डोळ्यांतून पाणी येतं, पण अजून पातळच आहे. लाळ नाही, हगवण नाही, खूर स्वच्छ आहेत. शेजारी म्हणतात, ऊन लागलं. असेलही. कापूस आणि हे पत्र आजच्याच बसवर देते. कुणी डोळ्यात काही घातलेलं नाही. मी रात्रंदिवस गोठ्यातच आहे.

रोवणीसाठी धानाचे पऱ्हे टाकायचे आहेत, आणि सोमवारी अड्याळचा बाजार आहे.

तुळसामामी

*

तार

तुळसाबाई हिरालाल, खैरीटोला, अड्याळ
रेघ खरी. जनावर गावाबाहेर जाऊ देऊ नका. लस घेऊन निघतो आहोत.
चंद्रकांता
१३ जून १९८२

*

खैरीटोला
४ जुलै १९८२

चि. चंद्रकांता,
अनेक अनेक आशीर्वाद.

तू लस घेऊन आलीस तेव्हा बोलायला वेळ कुठे होता? तू नळ्यांत गुंतलेली आणि मी चांद्यात. तुझी गाडी येण्याआधी इथे काय झालं, ते आता सांगते.

तार आली ती रविवारी संध्याकाळी, म्हणजे बाजाराच्या आदल्या दिवशी. बुळकांडी हा शब्द टोल्यात फुटला असता, तर दिवस उगवायच्या आत ज्याने त्याने आपलं जनावर बाजाराला हाकललं असतं. मरण्याआधी चार पैसे करावे, असं कुणालाही वाटेल. त्यांना दोष देता येत नाही. पण मग रोग अड्याळहून कुठे कुठे गेला असता! सरकारी माणूस येईपर्यंत त्यांना अडवायचं कसं? माझं कोण ऐकणार?

तेव्हा मला गोमाजी आठवला. तू त्याला पाहिलंस, पांढऱ्या फेट्याचा म्हातारा, गाडीसमोर उभा होता तो. मातेच्या ठाण्याचं तोच पाहतो. गुरांत रोग आला की तो गाव बांधतो. शिवेवर, रस्त्यावर, पाणंदीवर कडुनिंबाच्या पाल्याचा दोर बांधायचा. दोर सुटेपर्यंत जनावर बाहेर जात नाही की आत येत नाही, गाडी जुंपत नाहीत. हा दोर कुणी ओलांडल्याचं मी ऐकलं नाही. आपण छप्पन सालापासून हे सगळं सोडलं. पण गावाने सोडलेलं नाही.

मी निघाले तर आपल्याच वस्तीतली सुमनबाई म्हणाली, "काहो बाई, देव तं आपण वैनगंगेत टाकले, अन् आता गोमाजीच्या दारी?"

मी म्हटलं, "मले त्याचा देव नको. त्याचा दोर पाह्यजे."

गोमाजीला मी काहीही लपवलं नाही. तार वाचून दाखवली. त्याने तार हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मग म्हणाला, "तुमच्या पोरीले नागपुरात बसून कसं दिसलं? बैल तं उभा हाये."

मी म्हटलं, "बैल उभा आहे तोवरच दिसावं, यासाठी तिने चार वर्षं घातली. पडल्यावर तर तुम्हालाही दिसते, मलाही दिसते."

"बंधन एक दिवसाचं रायते बाई."

"ते गाडी येईपर्यंत ठेवा."

"अन् कोनी इचारलं तं? मातेनं सांगितलं म्हनू?"

"तुम्हाले जे खरं वाटन ते सांगा. मी तं तार दाखवीन."

तो उठला. पोरांना पाला तोडायला पाठवलं. म्हणाला, "हिरालाल ढोरासाठी गेला. त्याच्या बायकोले मी नाही कसं म्हनू?" अकरा वर्षांत यांच्याविषयी तो माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. मला वाटायचं, विसरला असेल.

सकाळी लोक बाजाराला निघाले तर दोर बांधलेले. कुरकूर झाली. एक जण म्हणाला, "बुढ्याले बाजाराच्याच दिवशी माता दिसते." पण दोराखालून कुणी गेलं नाही. गोमाजी दिवसभर शिवेवर काठी घेऊन बसला होता. मी त्याला भाकर नेऊन दिली. त्याने घेतली, आणि माझ्यासमोर बसून खाल्ली. पूर्वी आमच्या हातचं पाणी त्याच्या घरी चालत नव्हतं. 

तुझी गाडी आली तेव्हा त्यानेच दोर उचलून धरला. पुढचं तू पाहिलंच आहेस.

चांद्या तू गेल्यावर पाचव्या दिवशी गेला. शेवटी त्याची मान माझ्या मांडीवर होती. त्याचे डोळे मी शेवटपर्यंत पुसत होते. नत्थू जवळच होता. माझ्या डोळ्यांकडे पाहून म्हणाला, "बाई, इथं बी कापूस फिरवू का?" मी म्हटलं, "कापूस वाया जाईल." मग दोघंही थोडं हसलो. बरं वाटलं.

एक गोष्ट तुला आवर्जून सांगायची आहे. आपल्या लोकांनी मेलेलं ढोर ओढणं सोडलं, तेव्हापासून कुणाचं जनावर मेलं की या गावात दारं लागतात. तू सांगितल्याप्रमाणे खोल खड्डा करून, चुना घालून, कातडं न काढता पुरायचं होतं. मी आणि नत्थूने कुदळी घेतल्या. थोड्या वेळाने पाहते, तर गोमाजीची दोन्ही पोरं फावडी घेऊन आली. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. चांद्याला ओढायच्या दोराला हात घातला तो गोमाजीनेच आधी.

आणखी दोन गुरं आजारली, ती ज्यांना तू येण्याआधीच ताप होता ती. त्यातली गाय गेली, गोऱ्हा वाचला. बाकी सगळा टोला उभा आहे. एकाहत्तर साली या गावात हंबरणं ऐकू येत नव्हतं. आता पहाटे इतका गोंगाट होतो की झोप मोडते. झोप मोडली की मी तुझं नाव घेते.

तुझी,
तुळसामामी

*

नागपूर
२० जुलै १९८२

ती. मामीस,
सप्रेम जय भीम.

चांद्याचं वाचून फार वाईट वाटलं. मला तो वासरू असल्यापासून आठवतो. मामांनी माझं बोट त्याच्या तोंडात चोखायला दिलं होतं, आणि मी ओरडले होते.

तुम्हाला एक सांगायचं राहिलं. चांद्याची रेघ अगदी पुसट होती. साध्या थरात ती आलीच नसती. मी काच सरांकडे नेली. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली आणि आधी नत्थूचा खड्डा पाहिला. तिकडे काहीच नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "तार करा. मी गाडीचं बघतो." दोन वर्षांपूर्वी नत्थूने ती चूक केली नसती, तर त्या दिवशी त्या पुसट रेघेवर कुणी गाडी सोडली नसती. मीसुद्धा नसती.

अड्याळकडच्या एकाही गावातून रोगाची खबर नाही. आता इतर जिल्ह्यांतही आसवांचे नमुने मागवणार आहेत. लेखी अहवाल नियमाने नमुना पाठवणाऱ्याच्या नावे निघतो. तो वेगळ्या टपालाने येईल.

शिकण्यासाठी मामांनी मला नागपूरला आणून सोडलं, तेव्हा "जनावराला बोलता येत नाही, म्हणून आपण लवकर ऐकायचं" असं म्हणाले होते. तेव्हा मला ते नुसतं बोलणं वाटलं होतं. ऐकायला मला तुम्ही मदत केलीत. तुमचे आभार कसे मानू ते कळत नाही.

चंद्रकांता

*

खैरीटोला
१२ ऑगस्ट १९८२

चि. चंद्रकांता,
आशीर्वाद.

अहवाल आला. "श्रीमती तुळसाबाई हिरालाल यांस" असं वर आहे. पोस्टमनने वाचून दाखवू का विचारलं. मी म्हटलं, माझं मी वाचते. ओसरीवर बसून मोठ्याने वाचला. नत्थू होता, सुमनबाई होती, गोमाजी काठी टेकून उभा होता. तुझा तो जादा खड्डा त्यात आहे, पण नत्थूचं नाव नाही, म्हणून तो थोडा हिरमुसला. "पुढच्या वेळेले लिहा म्हना," असं त्याने सांगितलं आहे. गोमाजी म्हणतो, त्याच्याही घरी काड्यांची एक पेटी ठेवायची. मातेच्या ठाण्यात ठेवीन म्हणतो. मी हो म्हटलं. कुठेही ठेवो, कोरडी राहिली म्हणजे झालं.

भुऱ्या एकटा राहिला होता. नत्थूने आपला एक बैल त्याच्याशेजारी जुंपून दिला आणि माझ्या धानाच्या बांधीत चिखल करून दिला. रोवणं झालं. सगळ्या टोल्याचं झालं. भुऱ्या अजून चालता चालता चांद्याच्या बाजूला मान वळवतो. त्याला वेळ लागेल. माझीही सवय तशीच आहे.

यांचा जुना अहवाल मी ट्रंकेत ठेवला होता. नवा त्याच्याजवळ ठेवला. तुझ्या मामांचं काम अर्धं राहिलं असं मी इतकी वर्षं समजत होते. आता तसं समजत नाही. यासाठी तुझी, तुझ्या सरांची आणि डोमाजींची मी आभारी आहे.

काल दिवसभर पाऊस होता. संध्याकाळी मी नाल्यावर जाऊन उभी राहिले. पाणी दोन्ही काठांवरून वाहत होतं, यांना नेलं त्या वर्षी होतं तसंच. मी बराच वेळ थांबले. पलीकडे जायचं गावात कुणाचंच काम नव्हतं.

तुझी,
तुळसामामी